खाडीला काठ किती?

बाबल, पेटी बंद कर आणि नीट ऐक. आता बारी माझी. मध्ये खोकायचं नाही, माझा सूर लागत असताना मांडी बदलायची नाही, आणि झिलकऱ्यांकडे बघून भुवया उडवायच्या नाहीत. बावीस वर्षं तू हे सगळं केलंस. माझे निम्मे सूर तुझ्या भुवयांनी खाल्ले, हे मी रवळनाथासमोर सांगायला तयार आहे.

गेल्या महिन्यात तुला स्मशानात पोचवायला तरीत, म्हणजे आपल्या खाडीच्या होडीत, बसून तुझ्या काठावर आलो, तेव्हा लोकांनी मला वाट करून दिली. पोलीस आल्यावर देतात ना, तशी. तुमच्या वाडीतला एक म्हातारा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दाजीबुवा, आज तरी काय बोलू नकात." मला हसू आलं. मग तुझ्या अंगणातली पेटी दिसली, तिच्यावर कोणीतरी तुझा चष्मा ठेवला होता, आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. मागून कुणीतरी विचारलं, "ह्यो खरोच रडता की सोंग करता?"

त्यांचं काय चुकलं? दशावतारात राक्षस होणारा माणूस मी. आणि तुझ्याविषयी चार माणसांत एक चांगला शब्द बोललेला मला कोणी कधी ऐकला नव्हता. बोलायची बंदी होती. ती तूच घातली होतीस. आज ती मोडतो.

तू म्हणशील, मेल्या, वाचणाऱ्याला आधी मांड, आपली गायची जागा, तर दाखव. दाखवतो. आमच्याकडे भजनाची डबलबारी असते. देवळासमोर दोन बुवा समोरासमोर बसतात, दोघांच्या पुढ्यात पेटी, मागे पखवाज, झांजा आणि झील धरणारी, म्हणजे मागून सूर उचलणारी माणसं. एकाने गायचं, गाता गाता दुसऱ्याला प्रश्न टाकायचा, चिमटा काढायचा. मग दुसऱ्याची बारी. त्याने उत्तर द्यायचं आणि व्याजासकट चिमटा परत करायचा. आधी नमन, मग रूपाचा अभंग, मग गौळण, शेवटी गजर. ऐकायला देव असतोच, पण माणसं येतात ती भांडणासाठी. आणि बांद्यापासून मसुऱ्यापर्यंत आपल्यासारखं भांडण दुसरीकडे मिळत नव्हतं. तू खाडीच्या एका काठावरचा काजू कारखानदार, मी समोरच्या काठावरचा शिंपी. तू गायचास:

सुईत दोरा ओवी ओवी, झंपर शिवतो दाजी,
सुरात सूर ओवेना, ही कसली बुवाबाजी?

बायकांचे झंपर शिवून पोट भरतो म्हणून लोक मला हसायचे. मी थांबायचो, पान खाल्ल्यासारखं तोंड करायचो, आणि उत्तर द्यायचो:

गर पाठवी मुंबईला, टरफल वाटी गावा,
म्हणे टरफलातच देव आहे, असा आमुचा बुवा.

मग तुझा काठ गप्प, माझा काठ उभा.

ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. पांडू तारी आपल्या दोन काठांमध्ये होडी चालवायचा, तीच आमची तर. त्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालं आणि तर बंद पडली. पूल होणार होता. पूल कायमच होणार होता. तोवर माझ्या काठावरच्या बायका तुझ्या कारखान्यात बिया फोडायला सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालत यायच्या, डब्याचं फडकं डोक्यावर बांधून. एक दिवस पाणी लवकर चढलं. त्यांच्यातली शेवंती मध्यावर होती. बरोबरच्या बायकांनी तिला ओढून घेतलं म्हणून वाचली. तू काठावर उभा होतास. तुला पोहता येत नव्हतं, हे गुपित मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या दुकानात आलास, बगलेत लाल मखमलीचा तुकडा. म्हणालास, जाकीट शिव. मी म्हटलं, तुला दुसरा शिंपी मिळाला नाही? तू मशीनजवळचं स्टूल ओढून बसलास.

"दाजी, तुझी नि माझी भांडणा किती वर्सांची?"

"जलमापासूनची."

"मगे ती कामाक लावूया."

बाबल, पुढे कितीतरी शिकलेली माणसं मला संस्था म्हणजे काय ते समजावून गेली. पण तुझ्या त्या एका वाक्यात जेवढं होतं तेवढं कोणाच्या भाषणात सापडलं नाही. तुझं म्हणणं सरळ होतं. लोक आपलं भांडण ऐकायला सुपारी देतात. ती सुपारी आजवर आपण वेगवेगळी घेतली. आता दोन्ही मंडळं मिळून एक संस्था करायची, रीतसर नोंदवायची, सुपारीचे पैसे तिच्यात टाकायचे आणि त्यावर तर चालवायची. तरीला भाडं नाही. पण आपण एक झालो हे कळलं तर भांडणाला कोण येणार? म्हणून कागदावर एक आणि मांडावर दोन. भांडण थांबवायचं नाही, उलट वाढवायचं. चार माणसांत एकमेकांविषयी बरं बोलायचं नाही.

मी विचारलं, आणि देवाला काय सांगायचं? तू म्हणालास, देव दोन्ही काठांवर आहे, त्याला सगळं दिसतं, त्याच्यापासून लपवायचं काय? आणि जाकिटाला आतून खिसा ठेव, खडीसाखरेला.

ते जाकीट मी घरी दार लावून शिवलं. प्रतिस्पर्ध्याची मखमल माझ्या मशीनवर कोणी पाहिली असती तर संस्था जन्माला यायच्या आत वारली असती. आणि तू? पहिल्याच बारीत छाती पुढे काढून माईकवर म्हणालास, "मुंबयच्या टेलरान शिवला. हयल्या टेलराक बटण लावूक येना नाय." माझ्या पोटात केवढी आग झाली! आणि कॉलर काय बसली होती तुझ्या मानेवर! आगीत आणि अभिमानात मी कुठे अभंग विसरलो तेच कळलं नाही.

नोंदणीच्या कचेरीतला दिवस तुला आठवत असेल. आपण दोघे कारकुनासमोर शेजारी बसलो होतो, तू शुद्ध बोलायच्या खटाटोपात, मी टोपी मांडीवर ठेवून. कारकुनाने कागदावरची नावं वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "बाबलबुवा? दाजीबुवा? तुम्ही दोघे एकत्र?" माणूस मालवणकडचा निघाला, डबलबारीचा वेडा. आपलं गुपित गेलंच होतं. तुझी भुवई उडाली. मी लगेच ओळखलं आणि टेबलावर हात आपटून म्हणालो, "एकत्र कसले! ह्या माणसाने माझं मंडळ बुडवलं." तू म्हणालास, "तुझं मंडळ तरंगत कधी होतं?" पाच मिनिटं आपण असे भांडलो की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. सगळं झकास चाललं होतं. तोवर कारकुनाने आपला अर्ज उचलून बाजूला ठेवला आणि थंडपणे म्हणाला, "विश्वस्तांमध्ये वाद असेल तर नोंदणी करता येत नाही."

आता काय? गप्प बसलो तर गुपित फुटतं, भांडलो तर संस्था होत नाही. अशा जागी मी अडकलो की अडकतोच. तू मात्र पाणी मागितलंस, घोट घेतलास आणि अगदी कचेरीच्या मराठीत म्हणालास, "साहेब, हा वाद हेच संस्थेचं उत्पन्नाचं साधन आहे. उद्दिष्टांच्या खाली लिहून घ्या."

तो माणूस पेन ठेवून मागे रेलला. मग इतका हसला की त्याला चष्मा पुसावा लागला. गुपित त्याने राखलं. मोबदल्यात एवढंच मागितलं की रवळनाथाच्या बारीला पहिल्या रांगेत जागा.

लोक म्हणतात, बाबलला धंदा कळायचा म्हणून त्याने भजनाचा धंदा केला. उलटं आहे. तुला भजन कळायचं म्हणून तू धंदासुद्धा भजनासारखा केलास. कारखान्यातली सभा तू नमनाने सुरू करायचास. तक्रारी गौळणीच्या जागी, म्हणजे जरा थट्टेत, कोणाला न झोंबेल अशा. आणि ठराव गजरासारखा, सगळ्यांनी एका तोंडाने. गजर झाल्यावर कोणी मागे वळून बोलायचं नाही. अर्ध्या तासात सभा उरकायची.

दोन्ही मंडळांतल्या माणसांनी तर वल्हवायची पाळी तू सरळ आमच्या सप्ताहातून उचललीस. सात दिवस देवळात नाम चालू असतं, वीणा जमिनीला टेकत नाही, पुढच्याने हात लावल्याशिवाय मागच्याने सोडायची नाही. तसंच वल्ह्याचं. पुढच्याचा हात वल्ह्यावर पडेपर्यंत मागच्याने होडीतून उतरायचं नाही. एकदा तुमच्या झांजवाल्याची पाळी होती आणि मागून येणारा माझा पखवाजवाला झोपून राहिला. झांजवाला बिचारा दुपारपर्यंत होडीत बसून, जेवण लोकांनी काठावरून दिलेलं. उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तू त्याचं कौतुक केलंस, आणि माझ्या पखवाजवाल्यावरून संध्याकाळच्या बारीत माझी सालटी काढलीस. माझी मंगळवारची पाळी होती. सात वर्षं मी दर मंगळवारी वल्हं मारलं. तुझ्या काठावरचे लोक समजायचे, दाजीबुवाला बाबलबुवाने कसलीतरी शिक्षा लावली आहे. आपण त्यांना तसं समजू दिलं.

आता हे सगळं मी लिहितो आहे म्हणजे गुपित फुटलं, असं तुला वाटेल. नाही फुटत रे. राजाच्या तोंडाला रंग लावलाय हे दशावतार बघणाऱ्या कोणाला ठाऊक नसतं? तरी राजा मेला की बायका पदर डोळ्याला लावतात. वाचणाऱ्याने वाचावं आणि पुढच्या बारीला विसरून यावं.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो. ते मिटायच्या आत तू उठून गेलास, हे काही बरं केलं नाहीस.

तुझ्या कारखान्यात बायका बिया फोडायच्या. काजूच्या तेलाने हाताची कातडी जाते, म्हणून हाताला राख फासून ओळीने बसायच्या, आणि फोडण्याच्या ठेक्यावर तू त्यांना अभंग म्हणायला लावायचास. म्हणायचास, ठेक्यात फोडलं की गर अख्खा निघतो. आवाजांचीही तू काजूसारखी प्रतवारी लावायचास. अख्खा गर, पाकळी, तुकडा. मला तू पाकळी म्हणायचास, म्हणजे मधोमध दुभंगलेला. मी रागवायचो, पण खरं होतं. वरच्या सुरात माझा आवाज चिरतो. आणि त्या ओळीत तुला एक अख्खा गर सापडला. शेवंती. पाण्यातून ओढून काढलेली तीच, माझ्या वाडीतली सून.

दोन वर्षांपूर्वी, जत्रेहून परतताना, होडीत आपण दोघेच होतो. तू म्हणालास:

"दाजी, माझ्यानंतर पेटीवर शेवंती."

"बायल माणूस? डबलबारीक? तुझी मती गेली."

"आवाज ऐकलंस मां?"

"ऐकलंय."

"मगे?"

"मगे काय? लोक हसतले."

तू खडीसाखर गालात सारलीस. "लोक हसतले की तू हरतलंस?"

मी वल्हं टाकलं. खरोखर टाकलं, पाण्यात. मग दोघांनी हातांनी पाणी मारत काठ गाठला, आणि तिथून तीन महिने आपण एकमेकांशी बोललो नाही. फक्त मांडावर बोललो. आणि काय बोललो! तुझ्या आईपासून माझ्या मशीनपर्यंत कोणाला सोडलं नाही. लोक म्हणाले, असा हंगाम आजवर झाला नाही. आपलं खरं भांडण आणि खोटं भांडण यातला फरक एकाही माणसाला कळला नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आता मजा वाटते.

तू मात्र थांबला नाहीस. माझी परवानगी नव्हती तरी कारखाना सुटल्यावर शेवंतीला पेटी शिकवत राहिलास. माझ्या कानावर यायचं. माझ्या दुकानात बसलं की वाऱ्याबरोबर खाडीवरून यायचं. पहिल्या वर्षी बोटं अडखळायची. दुसऱ्या वर्षी मी मशीन थांबवून ऐकायचो आणि कोणी आलं की जोरात पाय मारायचो.

आज सांगतो, जे तू जिवंत असताना सांगितलं नाही. लोक हसतील याची मला भीती नव्हती. तू बोललास तीच होती. तुझ्याकडून हरणं मला जमत होतं, त्याची सवय होती. तिच्याकडून हरणं म्हणजे माझा काळ संपला, असं वाटायचं. तुला हे कळत होतं. तरी तू कधी चार माणसांत बोलला नाहीस. बावीस वर्षांत तेवढा एकच चिमटा तू गिळलास.

मग ती शेवटची बारी, माझ्या काठावर. तू जरा थकलेला होतास. गजराच्या आधी प्रश्न टाकलास, "सांग दाजी, खाडीला काठ किती?" मला हसू आलं. हा काय प्रश्न? मी गाऊन उत्तर दिलं, दोन, एका काठावर सुई आणि एका काठावर टरफल. लोक खूश. तू मान हलवलीस. "चुकलंस. उत्तर पुढच्या बारीक."

परतताना काठापर्यंत मी तुझ्या मागे लागलो, सांग, सांग. तू खडीसाखर चघळत राहिलास. म्हटलं ठीक आहे, पुढच्या बारीला काढीन तुझ्या घशातून. पुढची बारी आली नाही.

तुझं तेरावं झालं तेव्हा माझ्यापुढे एकच गोष्ट उभी होती. रवळनाथाची बारी ठरलेली, सुपारी घेतलेली, शब्द गेलेला. होडीचा तळ कुजला होता, पावसाआधी बदलला नाही तर आपली तर बंद. आणि तळ बदलायचा तो त्याच बारीवर. पण एका बुवाची बारी होत नाही. माझ्यासमोर कोण बसणार? बाहेरून कोणी आणावा तर तो आपली सुपारी आपल्या घरी नेणार. मी दोघा-तिघांना विचारूनही आलो. शेवंतीचं नाव माझ्या ओठांवर यायचं आणि मी ते गिळायचो.

तेव्हा तुझी बायको, आमची वयनी, आली. तरीतून उतरून, पांढऱ्या पदराखाली पिशवी धरून, सरळ माझ्या दुकानात. पिशवीतून तुझं लाल मखमलीचं जाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"भावजी, ह्या जाकिटाचो झंपर होतलो मां?"

 तिने पिशवीतून मापाचा एक जुना झंपर काढला आणि शेजारी ठेवला. तिचा नव्हता.

"वयनी, ह्या कोणाचा माप?"

"तुमी शिंपी. माप बगून माणूस वळखूक व्हया," ती म्हणाली. मग दारात थांबून, माझ्याकडे न बघता, "ह्यांचा म्हणणा काय होता, ता तुमका म्हायत आसा."

मापाच्या झंपराच्या बाह्यांना राखेचा वास होता. काजूच्या तेलाचे डाग होते.

तीन दिवस ते जाकीट टेबलावर पडून होतं. मी बाकीची कामं काढली, लग्नाची, पोरींची, कुणाच्या पडद्यांचीसुद्धा. बाबल, जन्मभर तू मला झंपर शिवणारा म्हणून हिणवलंस, आणि शेवटी तुझ्याच जाकिटाचा झंपर शिवायची पाळी माझ्यावर आणलीस. ही योजना तुझी की वयनीची, मला अजून कळलेलं नाही. तुझीच असणार. मेल्यावरही हिशेब पुढे ठेवून जाणारा माणूस तू.

चौथ्या दिवशी आतला खिसा उसवला. तळाशी खडीसाखरेचा एक खडा होता, कोपरे झिजलेला. मी तो तोंडात टाकला आणि कात्री चालवली. मखमल कापताना उलटी धरावी लागते, नाहीतर केस फिरतात.  शिवण घेताना माया जरा जास्त सोडली. गाणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला जागा लागते. आणि आतला खिसा ठेवला. झंपराला कोणी आतून खिसा ठेवतं? मी ठेवला.

बारीच्या दिवशी दोन्ही काठ देवळात लोटले. तुझ्या जागेवर पेटी होती आणि मागे तुझीच माणसं. शेवंती आली, देवाला नमस्कार केला आणि तुझ्या जागी बसली. लाल झंपर बघून दोन्ही काठांच्या माना उंचावल्या. मग माझ्या काठावरचा कोणीतरी हसला, अगदी मी तुला होडीत सांगितलं होतं तसा. मी त्याच्याकडे असं बघितलं की राक्षसाचा रंग लावायची गरज पडली नाही.

पहिली बारी माझी होती. मी तिला सोडलं नाही, बाबल. सोडली असती तर तिचा अपमान झाला असता. पेटी राखेने माखली, म्हटलं. बिया फोडता फोडता ताल फुटला, म्हटलं. आणि शेवटी तुझाच प्रश्न तिच्यापुढे टाकला, ज्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतं. सांग गो, खाडीला काठ किती?

तिने घाई केली नाही. भाता ओढला, सूर धरला. तो सूर वर गेला तेव्हा माझा जिथे चिरतो तिथे तो अख्खा राहिला. आणि ती गायली:

वल्हं ज्याच्या हातून सुटलं त्याला काठ दोन,
तर चालती ठेवील त्याला परका काठ कोण?

मग पेटीवरून हात न काढता माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तर चलता तवसर काठ एकच, काका."

पहिल्या रांगेतला कारकून उभा राहिला. मग तुझा काठ उभा राहिला. मग माझाही. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत, आठवडाभर घासलेलं. माईक ओढला आणि ते मी गिळलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी मांडावर एकच शब्द बोललो. "हरलंय."

नंतर देवळामागे तिला विचारलं, उत्तर बाबलने सांगून ठेवलं होतं का? ती म्हणाली, "नाय काका. रोज होडीत बसतंय. होडीतसून बगलंय."

मीही सात वर्षं दर मंगळवारी त्याच होडीत होतो. वल्हं मारत होतो. मला नाही दिसलं.

होडीचा तळ नवा झाला आहे. फणसाची फळी घातली. आणि एवढं सांगून मी पेटी बंद करणार होतो, पण काल मंगळवार होता, तेवढं राहिलं.

वल्ह्यावर मी, होडीत कारखान्याच्या बायका, आठ-दहा शाळेची पोरं आणि तुमच्या वाडीतला तो म्हातारा. त्या बारीपासून दोन्ही काठ माझ्याशी फार गोड वागत होते. हरलो म्हणून दया, तुझ्यासाठी रडलो म्हणून माया. लोक म्हणायला लागले होते, भांडण मिटलं, बरं झालं. आणि मला धाकधूक. भांडण मिटलं तर पुढच्या हंगामाला कोण येणार?

होडी मध्यावर आली आणि शेवंती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दाजीकाका, वल्हा तरी सुरात मारा. की थयपण पाकळीच?"

पोरं फिदीफिदी हसली. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. मी वल्हं थांबवलं, टोपी सरळ केली, आणि माझ्याजवळ होता नव्हता तेवढा राग चेहऱ्यावर आणला. म्हटलं, काल आलेलं पोर बावीस वर्षांच्या बुवाला शिकवतं? बघून घेईन तुला वालावलच्या बारीत. ती म्हणाली, येताना झंपर शिवायचं सामान घेऊन या, रिकामे बसाल. काठ येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. काठावर माणसं गोळा झाली. वालावलची बारी कधी आहे, असं दोघांनी तिथल्या तिथे विचारलं.

उतरताना ती माझ्या बाजूने गेली आणि ओठ न हलवता म्हणाली, "जमला?"

"जमला," मी म्हटलं.

मग पुढच्या पाळीचा माणूस आला. त्याचा हात वल्ह्यावर पडेपर्यंत मी होडीतच बसून राहिलो. तुझा नियम. बाबल, तर चालू आसा.